तांबं कुठं गेलं?

आत्याच्या औषधांच्या यादीत ती गोळी कधीच नव्हती. यादी तशी व्यवस्थित होती. निवृत्त प्राथमिक शिक्षिका, त्यामुळे वहीच्या पानावर पट्टीनं रेघा मारून लिहिलेली: रक्तदाबाची एक, थायरॉईडची एक, लोहाची एक, कॅल्शियम, आणि महिन्यातून एकदा बी-12 चं इंजेक्शन. साताऱ्यात तिला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरनं ते पान पाहिलं होतं. झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, गोळ्या मात्र फडताळात, च्यवनप्राशच्या बरणीशेजारी. "अगं, ते औषध थोडंच आहे? ताकदीचं आहे ते," असं ती मला फोनवर म्हणाली तेव्हा तिचं हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं, पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या खाली गेल्या होत्या आणि तिच्या बोन मॅरोच्या काचा माझ्या टेबलावर होत्या.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रक्त आणि अस्थिमज्जा बघणं हे माझं रोजचं काम. घरच्या माणसाची स्लाइड मी शक्यतो सहकाऱ्याकडे देते. ही आम्ही दोघींनी मिळून बघितली. कमरेच्या मागच्या हाडातून सुईनं ओढलेला मज्जेचा थेंब काचेवर पसरून रंगवला की तांबड्या-पांढऱ्या पेशींचं सगळं बालपण समोर येतं. आत्याच्या काचेवर या कोवळ्या पेशींच्या पोटात भोकं होती. गोल, स्वच्छ कडांची, रंग न धरलेली. तांबड्या पेशींच्या पूर्वजांतही होती आणि पांढऱ्यांच्याही. मग लोहासाठीचा पर्ल्सचा रंग दिलेली दुसरी काच लावली. तिथे कोवळ्या तांबड्या पेशींच्या केंद्रकाला निळ्या कणांची कडी पडली होती. म्हणजे लोह होतं, भरपूर होतं. पण हिमोग्लोबिनमध्ये जायच्या ऐवजी ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरांत, साचून बसलं होतं. गेले कित्येक महिने आत्या लोहाच्या गोळ्या खात होती आणि हिमोग्लोबिन हलत नव्हतं, त्याचं कारण त्या निळ्या कड्यांत दिसत होतं.

सत्तरीतली बाई, उतरलेले काऊंट, लोहाची कडी असलेल्या पेशी. हे वाचून कुठल्याही रक्ततज्ज्ञाच्या तोंडी पहिलं नाव येतं ते मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचं (एमडीएस), म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या उंबरठ्यावरच्या आजाराचं. आत्याला पाठवणाऱ्या डॉक्टरांनीही चिठ्ठीवर तेच लिहिलं होतं, प्रश्नचिन्ह घालून. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण ती भोकं त्या चित्रात बसेनात. दोन्ही घराण्यांच्या पेशींत भोकं आणि जोडीला निळी कडी दिसली, की विचार करायची नावं वेगळी असतात: दारू, काही विशिष्ट औषधं, आणि तांब्याची कमतरता. आत्यानं आयुष्यात दारूचा वासही घेतला नसेल. म्हणून मी फोन उचलला आणि विचारलं, "आत्या, तुझ्या यादीत नाही असं तू रोज काय घेतेस?"

2021 च्या एप्रिलमध्ये तिला कोविड झाला होता. दुसऱ्या लाटेतले ते दिवस ज्यांनी बघितले त्यांना आठवेल, व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन डी आणि झिंक हे त्रिकूट जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर असायचं. तिच्या डिस्चार्जच्या कागदावरही होतं. झिंक 50 मिलिग्रॅम, रोज एक. किती दिवस, ते लिहिलेलं नव्हतं. त्या गर्दीत ते लिहायचं राहिलं याबद्दल मला कुणालाही दोष द्यावासा वाटत नाही. त्या महिन्यांत डॉक्टर झोपत तरी होते का, असा प्रश्न पडावा अशी परिस्थिती होती. पुढे काही महिन्यांनी तिचे केस मुठीनं गळायला लागले, कोविडनंतर अनेकांचे गळत होते. शेजारच्या कुणीतरी सांगितलं, केसांना झिंक चांगलं. मग सकाळची एक होती त्यात संध्याकाळची एक वाढली. औषधाच्या दुकानात चिठ्ठी कुणी मागितली नाही. शिवाय एक मल्टीव्हिटॅमिन, त्यातही जस्त. असं दोन वर्षांच्या वर चाललं.

पायांचं दुखणं मात्र तिनं बरेच दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं. चप्पल पायातून निसटून मागे राहायची आणि दोन-चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात यायचं. बेसिनशी उभं राहून तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, म्हणून ती एका हातानं नळ धरून दुसऱ्या हातानं तोंड धुवायला शिकली होती. रात्री दिवा गेला तर जागची हलायची नाही. न्यूरॉलॉजी शिकलेल्या कुणालाही हे ऐकून कळेल की बिघाड पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या भागात आहे. पाऊल जमिनीवर कुठं आणि कसं पडलंय ही बातमी तिथून मेंदूकडे जाते. ती बातमी थांबली की माणूस डोळ्यांनी बघून चालतो. डोळे मिटले की पाय कुठं आहेत तेच कळत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरच्या नावानं ओळखली जाणारी साधी तपासणी यावरच आधारलेली आहे: पाय जुळवून उभे राहा, डोळे मिटा.

आपल्याकडे अशी लक्षणं दिसली की बी-12 कडे बोट जातं, आणि ते बरोबरच आहे. शाकाहारी घरांतून बी-12 ची कमतरता इतकी आढळते की दहातल्या बहुतेक वेळा उत्तर तेच निघतं. आत्याचं बी-12 तपासलं, इंजेक्शनं चालू असल्यानं ते उत्तम निघालं, आणि तपास तिथे थबकला. तांब्याच्या कमतरतेनं मज्जारज्जूला होणारी इजा हुबेहूब बी-12 सारखी दिसते. एमआरआयवर मानेच्या भागात मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला तोच पांढरा पट्टा, तीच डुगडुगती चाल, तोच रक्तक्षय. माणसातला हा आजार वैद्यकीय नियतकालिकांत नीट नोंदला गेला तोच 2001 च्या सुमारास, जर्मनीत, आणि त्यानंतर अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टर नीरज कुमार यांनी रुग्णांमागून रुग्ण गोळा करून त्याला ओळख मिळवून दिली. म्हणजे माझ्या पिढीतल्या डॉक्टरांनी एमबीबीएसच्या पुस्तकात तो वाचलेला असण्याची शक्यता कमीच.

मेंढपाळांना मात्र तो त्याच्या कितीतरी आधी माहीत होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात कोकरं जन्मतः किंवा जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मागच्या पायांनी लुळी पडायची, आणि त्याच कळपातल्या मेंढ्यांना रक्तक्षय असायचा. 1937 मध्ये तिथले पशुवैद्य बेनेट्स आणि त्यांचे सहकारी चॅपमन यांनी दाखवून दिलं की कुरणातल्या गवतात तांबंच कमी आहे. मेंढ्यांना तांबं दिलं की कोकरं धडधाकट जन्मतात. तो शोधनिबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मला फार विलक्षण वाटलं होतं. आईत रक्तक्षय, पिल्लात पांगळेपण, दोन्हींचं मूळ एकच. माझ्या आत्यात त्या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

आत्यानं विचारलेला प्रश्न अगदी रास्त होता. "मी जस्त खाल्लं, तर तांबं कसं काय कमी होईल? मी तांबं खायचं थोडंच सोडलंय?"

होय, ती तांबं खात होती. तीळ, शेंगदाणे, डाळी, काजू, सगळ्यात तांबं असतं आणि माणसाला लागतं तरी किती? दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम. प्रौढ माणसाच्या अख्ख्या शरीरात तांबं जेमतेम 100 मिलिग्रॅमच्या आसपास असतं; जस्त दोन-तीन ग्रॅम. अडचण खाण्यात नव्हती, आत जाण्यात होती. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींत मेटॅलोथायोनिन नावाचं एक प्रथिन असतं. जास्तीच्या धातूला धरून ठेवायचं हे त्याचं काम. अन्नातून जस्त खूप यायला लागलं की पेशी हे प्रथिन भराभर बनवतात, जस्ताला आवर घालायला. पण या प्रथिनाची खरी ओढ तांब्याकडे असते. जस्तापेक्षा तांब्याला ते कितीतरी घट्ट धरतं. त्यामुळे जेवणातून आलेलं तांबं पेशीत शिरतं खरं, पण पुढे रक्तात जात नाही, जकातनाक्यावर अडकलेल्या मालासारखं तिथेच पडून राहतं. आणि आतड्याच्या या पेशींचं आयुष्य तीन ते पाच दिवसांचं. त्या झडतात आणि तांबं घेऊन शौचावाटे निघून जातात. नव्या पेशी येतात, नवं जस्त येतं, पुन्हा तेच. साठा आधीच इतका थोडा, त्यात रोजची आवक बंद. वर्ष-दोन वर्षांत तो उतरतो.

तांबं गेलं की काय काय थांबतं याची यादी वाचताना थक्क व्हायला होतं. लोहाला रक्तातून वाहून न्यायचं तर त्याचं रूप बदलावं लागतं, आणि ते काम करणारी सेरुलोप्लाझमिन आणि हेफेस्टिन ही दोन्ही विकरं (एन्झाइम) तांब्यावर चालतात. मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा तयार करणाऱ्या साखळीच्या शेवटच्या टप्प्यावरही तांबंच लागतं. 1928 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हार्ट आणि एल्वेजम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना नुसतं दूध देऊन रक्तक्षय आणला, मग शुद्ध लोह दिलं. उंदीर सुधारेनात. लोहासोबत चिमूटभर तांबं दिलं आणि हिमोग्लोबिन चढलं. आत्याच्या लोहाच्या गोळ्या वाया जाण्याचं उत्तर जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी त्या उंदरांनी देऊन ठेवलं होतं.

आता जस्ताविषयी वाईट मत करून घेऊ नका, म्हणून मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे. आनंद प्रसाद. बिहारमधल्या बक्सरचे, पाटण्याच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले. 1958 मध्ये ते इराणमधल्या शिराझला गेले आणि तिथे त्यांना एक एकवीस वर्षांचा तरुण भेटला, दिसायला लहान पोरासारखा. वाढ खुंटलेली, वयात आलेला नाही, रक्तक्षय, आणि माती खायची सवय. खाणं म्हणजे निव्वळ गव्हाची रोटी. अशी मुलं त्या भागात एकटी-दुकटी नव्हती. गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट जस्ताला बांधून ठेवतं, ते अंगी लागत नाही, आणि या मुलांची वाढ जस्ताअभावी खुंटली आहे, हा प्रसाद यांचा तर्क त्यावेळी कुणी फारसा मानला नाही. माणसात जस्ताची कमतरता होऊच शकत नाही असं तेव्हाच्या पंडितांचं मत होतं. पुढे इजिप्तमध्ये त्यांनी ते सिद्ध केलं. जस्त दिल्यावर मुलं उंच झाली, वयात आली. अमेरिकेत माणसाच्या रोजच्या गरजेच्या यादीत जस्ताचा समावेश झाला तो 1974 मध्ये. आज जुलाब होणाऱ्या बाळाला ओआरएसबरोबर दहा ते चौदा दिवस जस्त देतात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची 2004 पासूनची तशी शिफारस आहे, आणि त्यानं खरोखर जीव वाचतात. आपल्या भाकरी-पोळी-डाळीच्या जेवणातही फायटेट भरपूर असल्यानं जस्त कमी पडू शकतं. म्हणून भारतातल्या शिफारशीत पुरुषांसाठी रोज 17 आणि बायकांसाठी 13.2 मिलिग्रॅम असे आकडे अमेरिकेपेक्षा वरचे आहेत. जुलाबाच्या बाळाचं झिंक कृपा करून कुणी बंद करू नका.

पण याच आनंद प्रसादांनी, जस्तासाठी आयुष्य वेचलेल्या माणसानं, 1978 मध्ये आणखी एक शोधनिबंध लिहिला. सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या एका रुग्णाला त्यांच्या गटानं उपचार म्हणून रोज 150 मिलिग्रॅम जस्त दिलं होतं. त्याच्या तांबड्या पेशी लहान झाल्या, पांढऱ्या पेशी उतरल्या, आणि रक्तातलं तांबं तपासलं तर नगण्य. तांबं दिलं आणि पेशी सुधारल्या. प्रसादांनी ते जसंच्या तसं छापलं. स्वतःच्या लाडक्या धातूबद्दल असं लिहायला जे लागतं त्याचा मला मनापासून आदर वाटतो. त्या निबंधातले त्यांचे सहलेखक जॉर्ज ब्रुअर यांनी यातून पुढची पायरी गाठली. विल्सन्स डिसीज नावाच्या आनुवंशिक आजारात यकृतात आणि मेंदूत तांबं साठत जातं. जस्त जर तांब्याला आतड्यातच अडवत असेल, तर या रुग्णांना जस्तच द्या की! मिशिगनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं आणि 1997 मध्ये झिंक ॲसिटेटला अमेरिकेत विल्सन्ससाठी परवाना मिळाला. प्रौढांचा डोस: 50 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा.

हा आकडा मला सगळ्यांना ओरडून सांगावासा वाटतो. शरीरातलं तांबं मुद्दाम कमी करायचं असतं तेव्हा डॉक्टर 50 मिलिग्रॅमची गोळी तीनदा देतात, आणि त्यावर रक्त-लघवीच्या तपासण्यांची नजर ठेवतात. आत्या तीच ताकद दोनदा घेत होती, वर मल्टीव्हिटॅमिन, आणि नजर कुणाचीच नव्हती. रोजच्या जस्ताची कमाल मर्यादा अमेरिकेत 40 मिलिग्रॅम ठेवली आहे आणि युरोपात 25, आणि अमेरिकेचा तो आकडा ठरला तोच तांब्यावरून: अठरा बायकांना रोज 50 मिलिग्रॅम जस्त दिल्यावर दहा आठवड्यांत त्यांच्या तांबड्या पेशींतल्या तांब्यावर चालणाऱ्या एका विकराचं काम बरंच खाली आलं होतं. दहा आठवडे. कोविडच्या काळात सुरू झालेली कितीतरी घरांतली ही गोळी त्यापेक्षा जास्त चालली असेल. आणि ज्या कोविडसाठी ती सुरू झाली त्याचं काय? अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं घरी असलेल्या 214 रुग्णांवर 50 मिलिग्रॅम जस्त आणि व्हिटॅमिन सी यांची चाचणी घेतली आणि फायदा दिसण्याची आशा नाही म्हणून ती मध्येच थांबवली. तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला 2021 च्या फेब्रुवारीत, म्हणजे आत्याच्या चिठ्ठीच्या दोन महिने आधी.

जस्त केवळ गोळीतूनच येतं असंही नाही. 2008 मध्ये टेक्सासमधल्या डॅलसच्या न्यूरॉलॉजिस्टांनी चार रुग्णांची हकिगत छापली. चौघांनाही चालता येईना, चौघांचंही तांबं तळाला, जस्त वाढलेलं, आणि जस्त येतंय कुठून ते सापडेना. शेवटी सापडलं ते तोंडात. चौघांचीही कवळी सैल झालेली होती आणि ती चिकटवायला ते आठवड्याला दोन-दोन ट्यूब किंवा त्याहून जास्त क्रीम वापरत होते. त्या क्रीममध्ये दर ग्रॅममागे 17 ते 34 मिलिग्रॅम जस्त होतं. 68 ग्रॅमची ट्यूब धरून गुणाकार करा, दिवसाला कमीत कमी तीनशे मिलिग्रॅमच्या वर जातं. पुढे 2010 मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन कंपनीनं जस्त असलेली आपली कवळीची क्रीम बाजारातून काढली. मला त्या चौघांचं फार वाटतं. सैल कवळी घेऊन चारचौघांत जेवायला बसण्याची लाज टाळायची, एवढंच त्यांना हवं होतं. नवी कवळी करायला पैसे लागतात. क्रीमची ट्यूब स्वस्त. अमेरिकेत मानसिक आजाराच्या काही रुग्णांनी नाणी गिळल्याच्याही नोंदी आहेत. 1982 नंतरचा तिथला सेंट वरून तांब्याचा मुलामा असला तरी आतून जवळजवळ सगळा जस्ताचा आहे.

आत्याचं पुढचं बोलणंही अपेक्षित होतं. "मग मी तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायला लागते."

तांब्याचा तांब्या हा आमच्या घरात श्रद्धेचा विषय आहे, म्हणून मी नीट बसून सांगितलं. बंगळुरूला केलेल्या एका अभ्यासात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यात लिटरमागे 0.18 मिलिग्रॅमच्या आसपास तांबं उतरलं. पाण्यातले जंतू मरायला ते पुरेसं होतं, पण रिता झालेला साठा भरायला पुरत नाही. त्यात आतडं अजून अडवणूक करतच होतं. नुसता धातू पोटात गेला म्हणजे तो अंगी लागला असं होत नाही, हे तिला पटायला वेळ लागला.

आणि तांब्याचं उलटं टोकही याच महाराष्ट्रात बघितलं गेलं आहे, तेही तिला सांगितलं. एके काळी आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार व्हायचा, इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात मुलं दगावायची, एकाच घरातली एकापाठोपाठ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या शीला भावे आणि आनंद पंडित यांनी ब्रिटनच्या टॅनर यांच्यासोबत या घरांतल्या स्वयंपाकघराकडे लक्ष वळवलं. बाळाला वरचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते दूध कल्हई गेलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरून घेतं. हा अभ्यास 1983 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. बाळाच्या दुधासाठी ती भांडी वापरू नका असं घरोघरी सांगितलं गेलं, स्टीलही आलं, आणि आज हा आजार इतका दुर्मीळ आहे की माझ्या हाताखालच्या विद्यार्थ्यांनी तो काचेवर पाहिलेला नाही. यकृताच्या डॉक्टरांनी आजाराचं मूळ दुधाच्या पातेल्यात शोधलं, याचा मला या व्यवसायातली एक व्यक्ती म्हणून अभिमान वाटतो. पातेलं कुठलं, कल्हई कधी केली होती, हे प्रश्न त्याआधी कुठल्या केसपेपरवर होते?

आत्याचं रक्त तांब्या-जस्तासाठी मुंबईला पाठवलं. यासाठी वेगळी निळ्या बुचाची नळी लागते, साध्या नळीतल्या धातूच्या अंशानंसुद्धा आकडा चुकू शकतो. रिपोर्ट आला: तांबं मोजण्याच्या खालच्या टोकाला, सेरुलोप्लाझमिन तसंच, जस्त वरच्या मर्यादेच्या बरंच पुढे. झिंक बंद केलं, मल्टीव्हिटॅमिन बंद केलं. तांब्याची गोळी सुरू करायची तर नुसत्या तांब्याची गोळी साताऱ्यात मिळेना. पुण्याहून मागवावी लागली. साधारण पद्धत अशी की पहिल्या आठवड्यात रोज 8 मिलिग्रॅम, मग 6, मग 4, आणि पुढे 2 वर ठेवायचं. अंगात वाढलेलं जस्त उतरायला महिने लागू शकतात, त्यामुळे उगीच घाई करून चालत नाही. ही मात्रा मी माहितीसाठी लिहिली आहे. तांबंही जास्त झालं तर यकृताला भोवतं, तेव्हा डॉक्टरांशिवाय कुणीही ते सुरू करू नये.

रक्त सुधारलं, आणि ज्या वेगानं सुधारलं ते बघून माझ्या सहकारी बाईंनी टेबलावर हात आपटला. आधी पांढऱ्या पेशी चढल्या, मग हिमोग्लोबिन. दोन महिन्यांत आकडे असे झाले की कुणाला आधीची काच दाखवली तर ती याच बाईची आहे हे पटू नये. एमडीएसचं नाव केसपेपरवरून कायमचं गेलं. अशा रुग्णांत अस्थिमज्जारोपणाची तयारी करण्यापर्यंत गोष्ट गेल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत, हे मला माहीत होतं, म्हणून त्या दिवशी मी लॅबमध्ये पेढे वाटले.

पायांचं तसं झालं नाही. मज्जारज्जूची इजा पुढे सरकायची थांबते, बहुतेकांत एवढं नक्की मिळतं. गेलेलं सगळं परत येतं असं नाही. आत्याच्या पायातल्या मुंग्या कमी झाल्या, पण डोळे मिटून उभं राहणं आजही जमत नाही. तिनं काठी स्वीकारली आहे. बेसिनच्या शेजारी भिंतीला आडवी दांडी बसवून घेतली आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता, तिथे तिला व्यासपीठावर बोलावलं तर ती तिसऱ्या रांगेतूनच बोलली, कारण पायऱ्यांना कठडा नव्हता. मला राग येतो तो याचा. वर्षभर आधी कुणी ते फडताळ उघडून पाहिलं असतं तर ती त्या चार पायऱ्या चढली असती.

वयानुसार डोळ्यांचा पडदा खराब होतो त्यासाठी अमेरिकेत एरेड्स नावाची मोठी चाचणी झाली, 2001 मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्या गोळ्यांत रोजचं 80 मिलिग्रॅम जस्त होतं आणि चाचणी आखणाऱ्यांनी त्यात पहिल्यापासून 2 मिलिग्रॅम तांबं घातलं होतं, जस्तानं तांबं कमी होऊ नये म्हणून. म्हणजे ज्यांना माहीत होतं त्यांनी काळजी घेतली. आत्याच्या रिकाम्या पट्ट्या मी भिंगाखाली वाचल्या. मूळ जस्त 50 मिलिग्रॅम, घटक, बॅच, मुदत, किंमत. ही गोळी किती दिवस घ्यायची, याबद्दल एक अक्षर नाही. तांब्याचा उल्लेख नाही. झिंकच्या प्रत्येक पट्टीवर एवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे, की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय महिन्यापेक्षा जास्त घेऊ नका, आणि ती ओळ मराठीतही हवी?

ती छापली जाईल तेव्हा जाईल. आमच्या लॅबच्या मॅरोच्या फॉर्मवर मी आता एक रकाना वाढवला आहे: 'टॉनिक, ताकदीच्या गोळ्या, भस्म, केसांच्या-डोळ्यांच्या गोळ्या, कवळीची क्रीम. नाव, मात्रा, कधीपासून'. सुरुवातीला तो बहुतेक कोराच यायचा. मग मी पाठवणाऱ्या डॉक्टरांना एकेक करून फोन केले, काहींना काचेचे फोटो पाठवले, आमच्या तालुक्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत ही केस आत्याच्या परवानगीनं मांडली. गेल्या पावसाळ्यात कराडकडच्या एका फिजिशियनकडून फॉर्म आला. पन्नाशीचे गृहस्थ, काऊंट उतरलेले, चाल बिघडलेली, बी-12 ठीक. आणि खालच्या रकान्यात निळ्या शाईनं: झिंक 50, सकाळ-संध्याकाळ, केसांसाठी, दीड वर्ष. मी त्यांना फोन करून म्हटलं, "डॉक्टर, मॅरो आज नको. आधी निळ्या बुचाच्या नळीत रक्त पाठवा, आणि गोळी आजच बंद करायला सांगा."